गर्डन यांचं प्रगतिपुस्तक आणि ७२६ अंडी

दहावीचा निकाल लागला की ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन गर्डन यांची गोष्ट ग्रुपवर फिरू लागते. ‘अडीचशे मुलांत जीवशास्त्रात शेवटचा नंबर. मास्तर म्हणाले, हा काय शास्त्रज्ञ होणार! त्याच ढ मुलाने जगातला पहिला क्लोन केला. जगाने पन्नास वर्षं दखल घेतली नाही, शेवटी २०१२ साली नोबेल द्यावंच लागलं. मार्कांना काही अर्थ नसतो.’ खचलेल्या मुलांना धीर मिळावा म्हणून लोक हे पाठवतात, हे कळतं. पण मी हाच विषय शिकवते, आणि या चार ओळींत गर्डन यांचं कामच पुसलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रगतिपुस्तक खरं आहे. १९४९ सालचं, इंग्लंडमधल्या ईटन शाळेचं. एका कामाला ५० पैकी २ गुण, आणि शास्त्रज्ञ व्हायचा विचार हास्यास्पद असल्याचा शेरा. पुढचं मात्र मेसेजमध्ये येत नाही. शाळेने त्यांचं विज्ञान सोडवलं आणि लॅटिन-ग्रीकला बसवलं. ऑक्सफर्डला प्रवेश मिळाला तोही ‘परीक्षा दिलीस तो विषय घ्यायचा नाही’ या अटीवर. मग आईवडिलांनी पैसे भरून वर्षभर जीवशास्त्राची खासगी शिकवणी लावली. दुसरी संधी मिळाली ती अशी. ज्या पोरीच्या घरी शिकवणीचे पैसे नाहीत, तिला ‘मार्कांना अर्थ नाही’ सांगून काय हाती लागणार?

‘पहिला क्लोन’, म्हणजे एका जिवाच्या पेशीपासून केलेली पहिली हुबेहूब प्रत, हेही चूक. १९५२ सालीच ब्रिग्ज आणि किंग यांनी अमेरिकेत बेडकाच्या भ्रूणातलं केंद्रक, म्हणजे पेशीतला जनुकं असलेला गाभा, काढून केंद्रक नसलेल्या अंड्यात घातलं होतं, आणि त्यातून बेडूकमासे वाढले होते. पण भ्रूण जरा मोठा झाला की त्याची केंद्रकं सहसा साथ देईनात. पेशीचं एकदा आतडं किंवा स्नायू ठरलं की बाकीची माहिती कायमची जाते की नुसती गप्प बसते, हा प्रश्न तिथेच अडला होता.

गर्डन यांनी आफ्रिकी नखाळ बेडूक घेतला, झेनोपस. त्याचं अंडं मोहरीच्या दाण्याएवढं. अंड्यातलं स्वतःचं केंद्रक अतिनील किरणांनी निकामी करायचं. मग खायला लागलेल्या बेडूकमाशाच्या आतड्याची एक पेशी काचेच्या अतिबारीक नळीत अशी ओढायची, की तिचं आवरण फाटेल पण केंद्रक शाबूत राहील, आणि ते अंड्यात सोडायचं. पण जुनं केंद्रक चुकून जिवंत राहिलं नाही कशावरून? इथे मला हा माणूस सर्वांत आवडतो. या बेडकाच्या नेहमीच्या पेशीच्या केंद्रकात दोन न्यूक्लिओलस असतात, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे दोन ठिपके. त्यांनी केंद्रकं घेतली ती एकच ठिपका असलेल्या वाणाची. वाढलेल्या पिल्लाच्या पेशीत एकच ठिपका दिसला, की केंद्रक आतड्याचंच. शंकेला जागा नाही.

१९६२ च्या निबंधातला आकडा बघा. ७२६ वेळा केंद्रक बसवलं, धडधाकट बेडूकमासे निघाले दहा. दीड टक्क्याहूनही कमी! पण आतड्याच्या केंद्रकातून अख्खा बेडूकमासा निघाला, म्हणजे बाकीची माहिती गेली नव्हती, नुसती गप्प बसली होती. आणि हे मोठ्या बेडकाच्या पेशींतून नव्हेच. पुढे १९७५ साली प्रौढ बेडकाच्या कातडीच्या पेशी वापरल्या, तेव्हा गाडी बेडूकमाशापर्यंतच गेली, प्रौढ बेडूक झाला नाही. त्यांनी तसंच छापलं. प्रौढ सस्तन प्राण्याच्या पेशीपासून क्लोन झाला तो १९९६ साली, डॉली मेंढी, आणि ती दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेत.

दखल घेतली नाही म्हणावं, तर १९७१ साली रॉयल सोसायटीचे सदस्य, १९८९ साली वुल्फ पुरस्कार, १९९५ साली ‘सर’. केंब्रिजमधल्या संस्थेला २००४ साली, हयातीतच त्यांचं नाव दिलं गेलं. नोबेल लांबलं त्याचं एक कारण उघड दिसतं: २००६ साली शिन्या यामानाका यांनी चारच जनुकं वापरून उंदराची तयार पेशी मूळपेशीसारखी, म्हणजे पुन्हा कुठलीही पेशी होऊ शकेल अशी, करून दाखवली, आणि १९६२ च्या त्या दहा बेडूकमाशांचा अर्थ एकदम मोठा झाला. नोबेल दोघांना मिळून मिळालं. यामानाकांचा जन्मही १९६२ चाच!

ते प्रगतिपुस्तक गर्डन यांनी चौकट करून आपल्या टेबलापाशी लावलं होतं. मास्तरांना खिजवायला नव्हे. प्रयोग फसत गेले की ते तिकडे बघत, आणि कदाचित मास्तरांचंच बरोबर असेल, असं म्हणत.