अर्ध्या पोळीसाठी एवढा आटापिटा

४ जुलैला आमच्याकडे न्यू जर्सीत मागच्या अंगणात बार्बेक्यू होता. सांगलीहून ताई आणि भावोजी आलेले. भावोजींना मधुमेह आहे, रोज ग्लिमेपिराइडची गोळी असते. त्यांनी कणीस नको म्हटलं, पाव नको म्हटलं, ताईने केलेला मसालेभातही बाजूला सारला. आणि बर्फातून लो-कार्ब बिअरचा तिसरा कॅन काढला. "डॉक्टरांनी कार्ब, म्हणजे पीठ-साखर, कमी करायला सांगितलंय ना, मग हीच बरी. यात जवळजवळ नाहीतच," म्हणाले.

मला राग आला. भावोजींचा नाही, त्या कॅनवरच्या शब्दांचा. मी बरीच वर्षं गॅरेजमध्ये घरची बिअर बनवतो. बार्ली, हॉप्सची कडवट फुलं, यीस्ट, पाणी, एवढ्यावर माझं मनापासून प्रेम आहे. म्हणून हे लिहितोय.

बार्लीचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले दाणे, भरडून गरम पाण्यात ठेवला की त्यातलीच एन्झाइम्स पिठाची साखर करतात. ती साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. पण काही जाड साखळ्या यीस्टला पचत नाहीत, त्या डेक्स्ट्रिन म्हणून बिअरमध्ये राहतात. घोट घेतल्यावर जिभेवर जो भरीवपणा जाणवतो, तो बराचसा त्यांचा. लेबलावर 'कार्ब' म्हणून दिसतात त्या प्रामुख्याने याच.

लो-कार्ब बिअरसाठी बाहेरून आणखी एक एन्झाइम घालतात. ते डेक्स्ट्रिनचेही तुकडे करून त्यांचं ग्लुकोज करतं, यीस्ट तेही फस्त करतं आणि त्याचंही अल्कोहोल होतं. मग पाणी घालून अल्कोहोलचं प्रमाण खाली आणायचं. म्हणजे कार्ब हवेत उडून गेले नाहीत. त्यांची दारू झाली आणि वर पाणी पडलं!

आता आकडे. ३५५ मिलीच्या साध्या बडवायझरमध्ये साधारण १४५ कॅलरी आणि १०.६ ग्रॅम कार्ब. २००२ मध्ये आलेल्या मिकेलोब अल्ट्रामध्ये ९५ कॅलरी आणि २.६ ग्रॅम. फरक ८ ग्रॅमचा, म्हणजे आपल्या घरच्या एका मध्यम पोळीतल्या कार्बच्या साधारण निम्मा. आणि त्या ९५ कॅलरी कुठून आल्या? ४.२ टक्के अल्कोहोल म्हणजे जवळपास १२ ग्रॅम, ग्रॅमला ७ कॅलरी धरा. ८२ कॅलरी झाल्या. कार्बच्या वाट्याला, ग्रॅमला ४ धरल्या तर, आल्या दहा-अकरा. ज्या गोष्टीने जेमतेम दहावा हिस्सा उष्मांक येतो, ती कॅनवर मोठ्या अक्षरात मिरवायची! 'लो-कार्ब आहे' म्हणून एकाऐवजी दोन प्यायलात, तर साध्या बिअरपेक्षा ४५ कॅलरी जास्त पोटात जातात.

अमेरिकेत २००४ साली, कार्ब टाळायला सांगणाऱ्या ॲटकिन्स डाएटचं वारं जोरात असताना, दारूच्या लेबलांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने 'लो-कार्ब' म्हणण्याची मर्यादा ठरवली: एका सर्व्हिंगमागे ७ ग्रॅम. तो नियम आहे, चांगलं आहे. पण साध्या बिअरवर अल्कोहोलची टक्केवारी छापायची सक्ती केंद्राच्या नियमात नाही, राज्याने मागितली तरच. खरा आकडा ऐच्छिक!

ही युक्तीही नवी नाही. १९६७ साली न्यूयॉर्कच्या राइनगोल्ड कंपनीने जोसेफ ओवेड्स या जीवरसायनशास्त्रज्ञाच्या कामावर 'गॅब्लिंगर्स डाएट बिअर' काढली. ती आपटली. 'डाएट' शब्द ऐकून बिअर कोण घेणार? मग १९७५ मध्ये मिलर लाइट देशभर आली, निवृत्त खेळाडूंना घेऊन जाहिराती केल्या आणि सांगितलं, चव झकास आणि पोट कमी भरतं. पोट कमी भरलं की माणूस पुढची बाटली उघडतो. आरोग्याचा यात संबंध कुठे आला?

तेव्हापासून बिअर सोडून बाकी सगळं विकणं चालू आहे. कूर्स लाइटच्या बाटलीवरचे डोंगर थंड झाल्यावर निळे होतात. अरे, बाटली हातात आहे, थंड आहे की नाही ते हाताला कळतं! मिलर लाइटने २०१० मध्ये बाटलीच्या गळ्यात आतून पीळ घातला, बिअर भोवऱ्यासारखी यावी म्हणून. त्याच मिलर लाइटचं 'ट्रिपल हॉप्स'. हॉप्स तीनदा घालणं ही मीही गॅरेजमध्ये करतो अशी रोजची रीत आहे, कडूपणासाठी आधी, चवीसाठी मध्ये, वासासाठी शेवटी.

सगळ्यात संताप आणला तो २०१९ च्या सुपर बोलमधल्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यातल्या, जाहिरातीने. बड लाइटने कॉर्न सिरपचं भलंमोठं पिंप राजवाड्या-राजवाड्यातून फिरवून सांगितलं की मिलर लाइट आणि कूर्स लाइट यानेच बनतात, आम्ही नाही. ते सिरप यीस्टचं खाद्य असतं, आंबताना संपतं. बड लाइटमध्ये त्याच कामाला तांदूळ असतो. मक्याचे शेतकरी चिडले, मिलरची कंपनी कोर्टात गेली, आणि २०२० मध्ये शिकागोच्या अपील कोर्टाने बड लाइटच्या बाजूने निकाल दिला, कारण मिलरच्या स्वतःच्या घटकांच्या यादीत कॉर्न सिरप होतंच. कायद्याने बरोबर असेल. पण बघणाऱ्याच्या डोक्यात काय उतरलं? प्रतिस्पर्ध्याच्या बाटलीत साखरेचा पाक असतो, हेच.

भावोजींचं तेच झालं होतं. मी त्यांना शेजारी बसवलं. "भावोजी, तुमची गोळी साखर खाली आणते. दारू पोटात असताना यकृत साखर सोडायला कुचराई करतं. वर तुम्ही भात, पाव काही खाल्लेलं नाही. साखर एकदम उतरली तर घाम येईल, चक्कर येईल, आणि आम्हाला वाटेल की तुम्हाला चढली." ताईने लगेच मसालेभाताचं ताट आणून त्यांच्या हातात दिलं.

जेवताना त्यांनी पेपर नॅपकिनवर पेनाने सांगलीतला हिशेब मांडला. ६५० मिलीची स्ट्राँग बाटली, ८ टक्के. अल्कोहोल मिलीला ०.८ ग्रॅम भरतं म्हणून ०.८ ने गुणलं, मग ७ ने. नुसत्या अल्कोहोलच्या २९१ कॅलरी आल्या. त्यांनी परत गुणून पाहिलं.

"बाटलीबरोबर शेंगदाणे घ्यायचो, तेसुद्धा सोडले होते रे मी," म्हणाले, आणि तिसरा कॅन तसाच ठेवून भात पुढे ओढला.