अख्खं साल व्हेज

गेल्या रविवारी ऐरोलीला ताईकडे गेलो, तेव्हा ती बाल्कनीत लादी पुसायचं फडकं वाळत घालत होती. काळं फडकं, त्यावर लाल अक्षरं, अक्षरांच्या मधोमध विजेची रेघ. एसी/डीसी, हे एका रॉक बँडचं नाव. माझ्या भाच्याचा टी-शर्ट होता तो. ठाण्यात गोखले रोडच्या फुटपाथवर घासाघीस करून अडीचशेला मीच घेऊन दिलेला. भाचा नववीत आहे. तो आतल्या खोलीत तोंड फुगवून बसलेला आणि त्याचे इअरफोन ताईच्या कपाटात, कुलपात.

काय झालं विचारलं तर तिने फोनच पुढे केला. 'रॉक संगीताची 7 भयानक सत्ये! प्रत्येक पालकाने वाचलेच पाहिजे!' हा मजकूर आईच्या नौपाड्यातल्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, तिथून आईने ताईकडे ढकलला, आणि खाली स्वतःची एक ओळ घातली: 'मामाने नादी लावलंय, बघ जरा.' मामा म्हणजे मी. तेव्हा उत्तर देणं आलंच.

सात सत्यं अशी. बँडच्या नावांत सैतान लपलेला असतो. गाणी उलटी वाजवली की जीव देण्याचे आदेश ऐकू येतात. 1939 मध्ये नाझींनी 440 हर्ट्झचा विषारी सूर जगावर लादला, खरा सात्त्विक सूर 432. चर्चने बंदी घातलेलं सैतानी स्वरांतर रॉकवाले मुद्दाम वापरतात. रॉक ऐकवलेली झाडं मरतात. हे संगीत आपलं नाहीच, मोबाइल कंपन्या ते पोरांच्या गळी उतरवतात. कान आणि मेंदू कायमचे जातात. शेवटी '11 ग्रुपवर पाठवा'.

मी क्रमाने जाणार नाही. दुसऱ्या सत्यावरच माझं डोकं फिरलंय, कारण बाकीचा वेडेपणा आहे आणि हा वेडेपणा पोरांच्या जिवाशी खेळणारा आहे.

आधी प्रयोग. ताईचाच दुपारचा एक व्हॉइस मेसेज माझ्या फोनमध्ये होता, 'जेवलास का?' एवढाच. भाच्याला बाहेर बोलावलं, त्याने दोन मिनिटांत आवाज उलटा करणारं अ‍ॅप शोधलं. वाजवलं. "काय ऐकू आलं?" ताई म्हणाली, "काही नाही, चिनी बोलल्यासारखं." परत वाजवलं, तेच. मग मी म्हटलं, "तू म्हणतेयस, अख्खं साल व्हेज." तिसऱ्यांदा वाजवलं आणि ताईने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, हो की!" त्यानंतर तिला दुसरं काही ऐकूच येईना. 'जेवलास का' उलटं केलं की 'आक साल वेज' असं काहीतरी होतं, बाकीचं आपला मेंदू भरतो. तेव्हा स्वयंपाकघरात बांगडा तळला जात होता, म्हणजे तो गुप्त आदेश खुद्द ताईनेही पाळलेला नाही.

हे मी शोधून काढलेलं नाही. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठातल्या व्होकी आणि रीड या मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये नेमकं हेच तपासून छापलं. उलटं बोलणं ऐकून लोकांना बोलणारा पुरुष की बाई हे कळतं, अर्थ मात्र कळत नाही. काय ऐकायचं ते आधी सांगितलं की मग ऐकू येतं. फॉरवर्ड करतो ते एवढंच, काय ऐकायचं ते आधी सांगून ठेवतो.

आणि हे प्रकरण कोर्टातही जाऊन आलंय. 1985 मध्ये अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात दोन तरुणांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. एक जागीच गेला, दुसरा तीन वर्षांनी. घरच्यांनी जुडास प्रीस्ट या ब्रिटिश बँडवर खटला भरला, की गाण्यात 'कर' असा छुपा आदेश आहे. 1990 च्या उन्हाळ्यात रीनो शहरात तो चालला. बँडचे लोक आठवडेच्या आठवडे कोर्टात बसले, गायक रॉब हॅलफर्डला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गाऊन दाखवावं लागलं. त्याने स्टुडिओत जाऊन आपलीच गाणी उलटी वाजवली आणि त्यातून 'आई, माझी खुर्ची मोडली' अशा अर्थाचं वाक्य काढून कोर्टाला ऐकवलं. न्यायाधीशांनी निकाल बँडच्या बाजूने दिला: तो 'आदेश' म्हणजे गायकाचा सोडलेला श्वास आणि गिटारचा आवाज योगायोगाने एकत्र आलेला. त्याच खटल्यात त्या दोघांच्या घरातली मारहाण, दारू, अमली पदार्थ, सगळं बाहेर आलं. ते उलटं वाजवायची गरज नव्हती, सुलटंच ऐकू येत होतं, पण ऐकायला कोणी बसलं नव्हतं. पोरगं गप्प गप्प असेल तर आईबापांनी त्याच्याशी बोलायचं की त्याच्या गाण्यांची चौकशी लावायची? ताईला हे जरा चिडूनच विचारलं. तिने बांगडा उलटला, उत्तर दिलं नाही.

आता विषारी सूर. ज्या सुराशी वाद्यं जुळवतात त्याची सेकंदाला किती कंपनं, ते म्हणजे हे हर्ट्झ. भजनी मंडळाच्या बायांनो, तुमची पेटी कितीला लावलेली असते ते दुरुस्तीवाल्याला विचारा. आजकालच्या बहुतेक पेट्या 440 लाच असतात. म्हणजे हा फॉरवर्ड खरा मानला तर दर एकादशीला नौपाड्यात विषप्रयोग चालू आहे. वर आपल्याकडे षड्ज, म्हणजे सा, ठरलेला नाहीच. ज्याला जी पट्टी झेपेल ती, कोणी काळी एक, कोणी काळी चार. 432 आणि 440 मधला फरक तर एका पट्टीहून लगेच पुढची पट्टी घेताना पडतो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. तेवढा आईचा सूर दुसऱ्या अभंगापर्यंत आपोआप उतरतो. (आई हे वाचणार आहे, माहीत आहे.) 1939 हे साल मात्र खरं आहे, तेवढं मान्य. त्या साली परिषद झाली ती लंडनमध्ये, निरनिराळ्या देशांतल्या वाद्यवृंदांचा आणि रेडिओचा सूर एक असावा म्हणून. आणि 440 ची शिफारस जर्मनीत योहान शायब्लरने 1834 मध्येच केली होती, हिटलर जन्मायच्या 55 वर्षं आधी.

सैतानी स्वरांतराचं तर हसूच येतं. जुन्या युरोपात एका स्वरांतराला 'संगीतातला सैतान' म्हणत आणि रचनेत टाळत, हे खरं. ते अंतर कोणतं? सा ते तीव्र मध्यम. म्हणजे आपला यमन. गाण्याच्या क्लासला घातलेल्या कुठल्याही पोरीला पहिल्याच वर्षी जो राग शिकवतात, तो. ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश बँडच्या ज्या सुरावटीचा एवढा बाऊ केलाय ती पेटीवर वाजवून बघा: सा, वरचा सा, मग तीव्र म. मी भाच्याला मोबाइलवरच्या पेटीवर वाजवून दाखवली, तर म्हणतो, "मामा, एवढंच?" एवढंच.

ती वाजवणारा टोनी आयोमी हा बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यातला कामगार. 17 वर्षांचा असताना मशीनखाली उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला. तेव्हा कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड आणून दिली. जँगोचीही दोन बोटं भाजून निकामी झालेली, तरी वाजवायचा. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पुढे तारा सैल केल्या, आणि तिथून तो जड, खालचा सूर आला. वागळे इस्टेटच्या कारखान्यात ज्याने पत्र्याचा प्रेस चालवलाय त्याला यात सैतान दिसणार नाही. आणि तारा सैल केल्यावर ती गिटार 440 वर राहिलीच कुठे, हे तिसऱ्या सत्यवाल्याने चौथ्या सत्यवाल्याला विचारावं.

झाडं: 1973 मध्ये डोरोथी रिटॅलॅक नावाच्या बाईंनी अमेरिकेत पुस्तक लिहिलं, कॉलेजच्या प्रयोगातल्या मोजक्या कुंड्यांवर. त्यांचं म्हणणं, रॉकने झाडं सुकली, रविशंकरांच्या सतारीकडे मात्र झुकली. शास्त्रज्ञांनी ते कधी मनावर घेतलं नाही. पण गंमत अशी, की 1967 मध्ये अमेरिकेतल्या मॉन्टेरीच्या महोत्सवात रविशंकर जिथे वाजवले, तिथेच जिमी हेंड्रिक्स या रॉक गिटारवाल्याने गिटारला आग लावली. तिथली झाडं कुठे झुकली असतील?

'हे आपलं नाहीच.' बरं. क्वीन या ब्रिटिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा, पाचगणीच्या शाळेत शिकला आणि पहिला बँड तिथेच काढला. पाचगणी सातारा जिल्ह्यात येते. आणि गळी कोण उतरवतं म्हणाल, तर माझ्या गळी 1990 च्या दशकात शेजारच्या दादाने उतरवलं. 90 मिनिटांची कोरी कॅसेट, त्यावर भरलेली गाणी, आतल्या पुठ्ठ्यावर बॉलपेनने नावं. ए बाजूचं शेवटचं गाणं टेप संपल्यामुळे मध्येच तुटायचं. ते तिथेच संपतं असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. पुढे काळा घोड्याला रिदम हाउस या कॅसेटच्या दुकानात हेडफोन लावून पूर्ण ऐकलं तेव्हा फसवल्यासारखं वाटलं. मग धोबीतलावला रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव, आणि शेवटच्या कर्जत लोकलने परत. रंगभवनातले ते कार्यक्रम पुढे बंद झाले, रिदम हाउस 2016 ला बंद झालं. भाच्याला गाणी स्कूलबसमधल्या मित्राने ऐकवली, एक इअरफोन याच्या कानात, एक त्याच्या. पुढची गाणी फोनने आपणहून लावली, हे कबूल. मेटालिका या अमेरिकन बँडचं 1986 चं गाणं 2022 मध्ये एका वेब मालिकेमुळे पोरांच्या तोंडी आलं, तेव्हा कंपन्यांचे पैसे झालेच असतील. पण पोराने त्यातली दोनच ठेवली, बाकी सोडून दिली. ताईने फॉरवर्डमधलं एकही सत्य असं सोडून दिलं नव्हतं.

सातवं अर्धं खरं आहे, आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. मेंदू वगैरे सोडा, पण कान जातात. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतं, 90 डेसिबल फक्त चार तास. ट्रान्स हार्बरच्या गाडीत खडखडाटावर मात करायला भाचा आवाज शेवटपर्यंत चढवतो, ते मी पाहिलंय, आणि त्याला झापलंयही. मात्र कानाला गाणं कुठलं ते कळत नाही. विसर्जनाच्या डीजेसमोर ताई दोन तास नाचते त्याचा हिशेब कोण ठेवणार?

राहता राहिला टी-शर्ट. 1973 मध्ये सिडनीत माल्कम आणि अँगस यंग या भावांनी बँड काढला. फॉरवर्ड म्हणतो, नावात ख्रिस्तद्रोही सैतानाचं पोर लपलंय. खरं म्हणजे ती अक्षरं त्यांच्या थोरल्या बहिणीला, मार्गारेटला, आपल्या शिलाई मशीनवर दिसली. एसी आणि डीसी, दोन्ही विजेवर चालणारी मोटर. नाव तिने सुचवलं. अँगस शाळेचा गणवेश घालून स्टेजवर येतो, तेही तिचंच डोकं. थोरल्या बहिणी काय काय करतात बघ, असं ताईला म्हटलं. इअरफोन कपाटातून निघाले. टी-शर्ट गेला तो गेलाच, त्याला फिनेलचा वास बसलाय.

रात्री नौपाड्याला घरी आलो. आईच्या मशीनचं कव्हर काढलं, मोटर जरा तिरकी करून टॉर्च मारला. पत्र्याच्या पट्टीवर तेलकट धुळीखाली छापलेलं: 220/240 व्होल्ट, एसी/डीसी. बोटाने पुसून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला, काही न लिहिता.

भाच्याने विजेचं चित्र टाकलं. ताईने नुसतंच वाचलं. आतल्या खोलीतून आईचं उत्तर आलं: 'मोटर जळली का? परवाच तर ब्लाउज शिवला.'