पंधरा कोसांतली पोरं

रविवारी आमच्याकडच्या, सांगलीच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल झाली. जिंकलेल्या संघात चार जण बाहेरून आणलेले, एका मॅचच्या मानधनावर. ज्या पोराला मी दोन वर्षं रोज पहाटे मैदानाला फेऱ्या मारताना बघतोय, तो पूर्ण मॅच बाकावर बसून होता. कप आल्यावर त्यानं टाळ्या वाजवल्या. ते काही डोळ्यांसमोरून जाईना, म्हणून लिहितोय.

सगळ्यात यशस्वी सीझन कुठल्या क्लबचा, यावरून आपली पोरं तावातावानं भांडतात. कुणी मँचेस्टर युनायटेडचा १९९९ चा म्हणतं, कुणी मँचेस्टर सिटीचा २०२३ चा. मी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या सेल्टिकचं नाव घेतो. १९६६-६७ मध्ये ते पाच स्पर्धा खेळले आणि पाचही जिंकले: स्कॉटिश लीग, स्कॉटिश कप, लीग कप, ग्लासगो कप आणि युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग. युरोपियन कपच्या लिस्बनमधल्या फायनलला उतरलेले अकराच्या अकरा जण त्यांच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. म्हणजे ४८ किलोमीटर, आपले पंधरा कोस!

सांगलीभोवती तेवढं वर्तुळ काढून बघा. मिरज, तासगाव, जयसिंगपूर, इस्लामपूर आत. सरळ रेघेत मोजलं तर फुटबॉलवेडं कोल्हापूरसुद्धा आत.

आणि लिस्बनला समोर कोण होतं? इटलीचं इंटर मिलान, १९६४ आणि १९६५ चे युरोपविजेते. एक गोल करायचा आणि दाराला कडी लावायची, हा त्यांचा खेळ. २५ मे १९६७ ला सातव्या मिनिटाला इंटरच्या मॅझोलानं पेनल्टीवर गोल मारला आणि कडी लागली. सेल्टिक घाबरून मागे सरकले नाहीत. दोनदा बॉल क्रॉसबारवर आदळला, इंटरचा गोलकीपर सार्टी एकटा झुंजत राहिला. ६३ व्या मिनिटाला टॉमी गेमेल, म्हणजे लेफ्ट बॅक, डावीकडचा बचाव सांभाळणारा बरं का, पुढं येऊन लांबून गोल करून गेला. शेवटची पाच-सहा मिनिटं उरली असताना स्टीव्ही चामर्सनं दुसरा मारला. युरोपियन कप जिंकणारा तो पहिला ब्रिटिश क्लब. त्यांचा मॅनेजर जॉक स्टीन तरुणपणी कोळशाच्या खाणीत राबलेला माणूस.

सगळेच काही क्लबनं लहानाचे मोठे केलेले नव्हते. विली वॉलेसला त्याच सीझनच्या डिसेंबरात हार्ट्स या दुसऱ्या स्कॉटिश क्लबकडून विकत घेतलं होतं, आणि स्कॉटिश कपच्या फायनलमधले दोन्ही गोल त्याचेच. पण तोही त्याच मातीतला. माझा राग खेळाडू आणण्यावर नाहीच. तासगावातून आणा, कवठेमहांकाळातून आणा, त्यांना वर्षभर सराव द्या. आपल्या सांगलीजवळच्या कवठेपिरानच्या मारुती मानेंनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण आणलं, ती माती काय दुसरीकडची होती?

पुढच्या वर्षीच्या नियमावलीत एक ओळ घाला: प्रत्येक संघात किमान आठ जण या पंधरा कोसांतले, आणि ते मैदानावर, बाकावर नव्हे. संघांच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. पटत असेल त्यांनी यावं, आणि येताना आपापल्या गल्लीतलं एक पोरगं घेऊन यावं.