साखळीला शेवटची कानस कधी लावलीस?

आज सकाळी एका मित्राने ग्रुपवर फोटो टाकला. चेनसॉ, म्हणजे फिरत्या दातेरी साखळीने लाकूड कापणारी मशीन, जेमतेम दोन वर्षांची. खाली लिहिलेलं, "भिकार निघाली, कापतच नाही, कापली तर वाकडी जाते. नवीन घेतोय, कोणती घेऊ?" अर्ध्या तासात सल्ल्यांचा पाऊस. ही घे, ती घे, मोठीच घे, 50 सीसीच्या खाली बघूच नकोस. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा रे, साखळीला धार कधी लावलीस? शेवटी मीच विचारलं. उत्तर आलं, "धार? लावावी लागते?"

दिवसभर डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितोय.

फोटो मोठा करून बघितला. दातांच्या कडा चकाकतायत. धारेवर उजेड चमकला की समजायचं, धार गेली. धारदार कडेवर चमकायला जागाच नसते. घरातली सुरी बोथट झाली म्हणून कोणी सुरी फेकून देतं का? मग एवढी मशीन भंगारात घालायला निघालात ती कशाच्या जोरावर?

मला हे कसं कळलं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी रात्री वादळात आमच्या झाडाची मोठी फांदी बरोबर फाटकावर आडवी पडली. सकाळी आईला दवाखान्यात न्यायचं होतं, गाडी आत अडकलेली. माझ्याकडे चेनसॉ होती. चांगली दांडगी, 20 इंची बारची (बार म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी), दुकानदाराने "एकदाच घ्या, मोठी घ्या" म्हणून गळ्यात मारलेली. दोरी ओढून ओढून हात भरून आले, सुरू होईना. टाकीत आठ महिन्यांपूर्वीचं पेट्रोल तसंच पडलेलं. ते काढलं, पेट्रोल आणि तेलाचं ताजं मिश्रण घातलं, मग कुठे धडधडली. लाकडाला लावली तर आत जाईना. नुसता धूर आणि पिठासारखा भुसा. मी अंगाचा जोर लावला. तेवढ्यात बारचं टोक पलीकडच्या एका फाट्याला लागलं आणि मशीन उसळून थेट माझ्या तोंडाकडे आली. हँडलपुढची ढाल मनगटावर आदळली, ब्रेक लागला, साखळी थांबली. गालापासून वीतभर अंतरावर.

आवाज ऐकून शेजारचे काका आले. हातात त्यांची जुनी, रंग उडालेली, 14 इंची मशीन. मला वाटलं, लगेच कापायला घेतील. नाही. ते त्या पडलेल्या फांदीवर बसले, मशीन दोन गुडघ्यांत धरली, खिशातून गोल कानस काढली आणि एकेका दाताला लावायला लागले. आतून बाहेर, तीन हात. पुढचा दात, तीन हात. आई व्हरांड्यात पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, मी सारखा घड्याळ बघतोय. "काका, उशीर होतोय हो," म्हटलं. मान वर न करता म्हणाले, "उशीर होऊ नये म्हणूनच बसलोय." मग उठले आणि वीस मिनिटांत फाटक मोकळं. मोठाले ढलपे उडत होते. जोर लावताना दिसलेच नाहीत, मशीन आपल्या वजनानेच खाली उतरत होती.

तेव्हापासून भुसा आणि ढलपे यातला फरक मी विसरलेलो नाही. ढलपे पडतायत तोवर ठीक. पीठ पडायला लागलं की थांबायचं. पुढे रेटलं की बार तापतो, इंजिन दमतं, आणि आपण जोर लावायला लागतो. जोर लावणाऱ्याचा हात कधी सुटेल सांगता येत नाही.

आता त्या "मोठी घे" म्हणणाऱ्यांना विचारतो, घरी कापता काय तुम्ही? पडलेली फांदी, वाळलेलं खोड, थोडं सरपण. 14 ते 16 इंची बार आणि 35 ते 40 सीसी एवढ्यात सगळं होतं. बार लांब म्हणजे वजन जास्त, धार लावायला दात जास्त, आणि टोक कुठे पोचलंय ते आपल्याला दिसत नाही. टोकाचा वरचा भाग कशाला लागला की मशीन उलटी येते. मला बसलेली उसळी त्याच लांब बारची. घेताना सीसी नंतर विचारा. आधी विचारा की साखळी, बार, फिल्टर, कार्ब्युरेटरचा डायफ्राम हे सुटं मिळतं का, आणि दुरुस्त करणारा जवळपास आहे का. ब्रेक स्वतःच्या हाताने पुढे ढकलून बघा.

बॅटरीवाल्या मशीनचं माझ्या जिवाला पटत नाही. पण वर्षातून दोनदाच कापणाऱ्याला तीच बरी, हे मान्य करतो. पेट्रोल शिळं होण्याची भानगडच नाही. धार मात्र तिलाही लावावीच लागते, तिथे सुटका नाही.

साखळीचा दात कधी जवळून बघितलाय? जो कॉक्स नावाच्या अमेरिकन लाकूडतोड्याने 1946 साली लाकूड पोखरणारी अळी निरखली. तिचे जबडे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कापत चालले होते. त्यावरून त्याने आजची साखळी घडवली, एक दात डावा, एक उजवा. म्हणूनच एका बाजूचे दात जास्त झिजले की काप वाकडा जातो. मित्रा, तुझी मशीन वाकडी जाते त्याचं बहुतेक हेच कारण. मशीनला शिव्या कशाला देतोस?

कानस किती जाडीची, ते साखळीवर ठरतं. घरगुती छोट्या साखळ्यांना बहुतेक 4 मिलिमीटरची लागते, थोड्या मोठ्यांना 4.8. नक्की आकडा मॅन्युअलमध्ये असतो. कोन साधारण 30 अंश, पुष्कळ दातांवर त्याची रेघच कोरलेली असते. पुढे ढकलताना घासायची, मागे घेताना उचलायची. सगळे दात सारख्या लांबीचे राहिले पाहिजेत, म्हणून प्रत्येकाला हात सारखे. चार-पाच वेळा धार लावून झाली की दातापुढचा उंचवटा सपाट कानशीने किंचित उतरवायचा. दाताच्या टोकापेक्षा तो साधारण 0.65 मिलिमीटर खाली हवा. जास्त उतरवलात तर मशीन झटके देते, म्हणून मापपट्टी ठेवूनच. आणि कापताना साखळी मातीला टेकू देऊ नका. एक क्षण टेकली तरी तासाभराची मेहनत गेली.

आणखी एका गोष्टीने माझं रक्त उकळतं. बारच्या तेलाच्या टाकीत गाडीचं काढलेलं जळकं तेल ओतणारे लोक. ते तेल वापरू नका असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यात धातूचा कीस असतो, ते साखळीवर टिकत नाही, आणि तुमच्याच अंगावर उडतं. नीट तेल घाला. टोक एखाद्या फिकट ओंडक्यासमोर धरून मशीन चालवा, लाकडावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर कापायचं नाही.

पेट्रोलचंही तसंच. लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक तेल, तुमच्या मशीनला 50 ला 1 सांगितलं असेल तर. महिन्याभरात संपेल इतकंच मिसळा. इथेनॉलचं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं आणि पडून राहिलं की कार्ब्युरेटर चिकटवून टाकतं. ठेवून देताना टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची. एवढं केलं असतं तर त्या सकाळी आईला ताटकळावं लागलं नसतं. ती काही बोलली नाही. पण पिशवी मांडीवर घेऊन बसलेली ती अजून दिसते.

सकाळी ग्रुपवर मी जरा जास्तच बोललो. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. काका येऊन बसले नसते तर मीही दुसरी मशीन घेऊन आलो असतो. काका आता नाहीत. लाकडी मुठीची त्यांची कानस माझ्या खणात आहे. झिजलीय, साखळीवर घसरते, तरी ठेवलीय.

हे लिहितानाच मित्राचा फोन आला. नवी मशीन अजून घेतलेली नाही. साखळीवरचा आकडा वाचून दाखव म्हटलं, भिंगाने बघून वाचला. 4 ची कानस लागेल, माझ्याकडे नवी आहे. उद्या सकाळी सातला जातोय. हातमोजे आणि चष्मा तयार ठेव म्हणून सांगितलंय.