‘अंद नाळ’ ही ‘राशोमोन’ची नक्कल नाही

१९५४ सालच्या ‘अंद नाळ’ या तमिळ रहस्यपटाबद्दल एक मजकूर वारंवार पुढे ढकलला जातो: हा अकिरा कुरोसावाच्या ‘राशोमोन’ या जपानी चित्रपटावरून उचललेला, गाण्यांशिवायचा भारतातला पहिला बोलपट, तो आपटला आणि कुणी त्याची दखलही घेतली नाही. यातलं थोडंच खरं आहे.

आधी नक्कल. दिग्दर्शक एस. बालचंदर ‘राशोमोन’ने भारावले होते, हे मान्य. पण ‘राशोमोन’मध्ये एकाच घटनेच्या परस्परविरोधी हकिगती येतात आणि खरं काय ते शेवटपर्यंत कळत नाही. ‘अंद नाळ’मध्ये सुरुवातीलाच गोळीचा आवाज होतो आणि राजन झालेला शिवाजी गणेशन कोसळतो. काळ ऑक्टोबर १९४३, मद्रासवर जपानी बॉम्ब पडले तेव्हाचा. शेजारी, भाऊ, भावजय, प्रेयसी, बायको अशा एकेकाच्या जबानीतून मेलेल्या राजनची नवी बाजू दिसते, आणि शेवटी उलगडा होतोच. राजन रेडिओ इंजिनिअर. सरकारदरबारी झालेल्या उपेक्षेने कडवट होऊन तो जपान्यांना फितूर झालेला असतो, आणि गोळी सुटते ती देशावर जीव असलेल्या बायकोच्या, उषाच्या हातून. पंढरीबाईंनी ही उषा फार ताकदीने उभी केली आहे. सत्य कळतं का, हा इथे प्रश्नच नाही. नवरा की देश, हा आहे. तो ‘राशोमोन’मध्ये शोधून सापडणार नाही. मांडणीचंच साम्य काढायचं तर ते अँथनी अ‍ॅस्क्विथच्या १९५० सालच्या ‘द वुमन इन क्वेश्चन’शी जास्त जुळतं: तिथेही पोलीस पाच जणांच्या जबान्या घेतात, प्रत्येकाला मेलेली बाई वेगळी दिसते, आणि खुनी सापडतो.

‘पहिला’ हा मान तमिळपुरताच. वाडिया मूव्हिटोनचा हिंदी ‘नौजवान’ १९३७ मध्येच गाण्यांशिवाय आला होता. बालचंदर स्वतः नावाजलेले वीणावादक, तरी त्यांनी चित्रपटात एकही गाणं ठेवलं नाही. त्या धाडसाचं मला फार अप्रूप वाटतं, आणि ते सांगायला ‘भारतात पहिला’ असली थाप मारावी लागत नाही.

राहिली दखल. गाणी नाहीत म्हणून प्रेक्षक हिरमुसले, गल्लाही जेमतेम जमला. पण समीक्षकांनी वाखाणणी केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला तमिळ विभागातलं गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं. सरकारी पुरस्कारांचं तेव्हा ते दुसरंच वर्ष होतं.