बाल्कनीतला सैबेरिया

कुत्रा पाळायचं नक्की झालं ना? अभिनंदन. आता वाचत बसणं, चार जणांना विचारणं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं मत घेणं असल्या भानगडीत पडू नका. सरळ रील बघा. बर्फात लोळणारं, निळ्या डोळ्यांचं, लांडग्याचा भास होणारं जे कुत्रं दिसेल ते सैबेरियन हस्की. तेच आणा. तुम्ही पुण्यात राहता, तेही पश्चिमेच्या उन्हात भाजून निघणाऱ्या टू बीएचकेत, हा तपशील गौण आहे.

ही जात सैबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फावरून गाड्या ओढण्यासाठी घडवली. १९२५च्या हिवाळ्यात अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा त्यावरचं औषध कुत्र्यांच्या गाड्यांनी टप्प्याटप्प्याने साडेपाच दिवसांत हजारभर किलोमीटरवरून पोचवलं होतं. या जातीचं नाव त्यात गाजलं. अशा कुत्र्याला रोज किती व्यायाम लागेल? पार्किंगमध्ये दोन फेऱ्या, तुमचा फोन चालू असताना. पुरे.

त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला मऊ आणि दाट, वरचा राठ. एप्रिल लागला की सलूनमध्ये नेऊन दोन्ही भादरून आणा. डॉक्टर सांगतात की हस्कीचे केस असे मुळापासून काढू नयेत, तेच केस त्याला उन्हापासूनही वाचवतात, मोकळा झालेला आतला थर फक्त विंचरून काढावा. डॉक्टरांना काय कळतं.

हस्की परवडत नसेल तर पग घ्या. मागे एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीनंतर घरोघरी पग आले होते, आठवतं? नाक एवढं चपटं, की साधा श्वास घ्यायचा म्हटला तरी घरघर. तिला ‘किती क्यूट घोरतो ना!’ असं म्हणायचं.

देशी कुत्रं मात्र चुकूनही आणू नका. आमच्या माहेरी, लातूरकडे, कारवानी कुत्री असत. लांब पायांची, बारीक अंगाची, तिथल्याच उन्हात जन्मलेली. पंतप्रधानांनी २०२०मध्ये ‘मन की बात’मध्ये भारतीय जातींचं कौतुक केलं, ते ऐकून आपण सगळ्यांनी माना डोलावल्या आणि रॉटवायलर आणला. बरोबरच आहे. लिफ्टमध्ये कोणी ‘कुठली ब्रीड?’ म्हणून विचारलं तर सांगायला काहीतरी नको?

पिल्लू जितकं लहान मिळेल तितकं चांगलं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये असा केंद्र सरकारचा २०१७चा नियम आहे, पण विकणारा ‘पंचेचाळीस दिवसांचंय, एकदम ॲक्टिव्ह’ म्हणाला की विषय संपला. विदाउट पेपर स्वस्तात पडतं. आईजवळून लवकर काढलेलं पिल्लू पुढे चावरं निघालं, घाबरट निघालं, तर ‘याचा स्वभावच तसला’ म्हणायला आपण मोकळे.

लसी. पिल्लू घराबाहेर जातच नाही तर लस कशाला? पार्व्हो नावाचा विषाणू तुमच्या चपलांना लागून घरात येतो आणि रक्ताची हगवण लागून पिल्लू दोन-चार दिवसांत जातं, ही अफवा समजा. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात एक, मग बूस्टर, मग दरवर्षी, एवढं कोणी लक्षात ठेवायचं? रेबीजची लक्षणं एकदा दिसली की कुत्रं काय आणि माणूस काय, वाचत नाही म्हणतात. म्हणू देत. महापालिकेचा परवानाही लागतो. कोणी काढलेला पाहिलाय? मीही नाही.

खायला चहात बुडवलेली ग्लुकोज बिस्किटं घाला. वाढदिवसाला चॉकलेट केक. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, हृदयावर आणि मेंदूवर जातं, पण फोटोत टोपी काय गोड दिसते! नाशिकहून द्राक्षांची पेटी आली की चार द्राक्षं त्यालाही द्या, मूत्रपिंडं दोन असतात. मटणाचा उरलेला रस्सा कांद्या-लसणासकट ओता, रक्तातल्या तांबड्या पेशींचं काय व्हायचं ते होईल.

कुत्र्याशी इंग्रजीतच बोला. सासूवर मराठीत ओरडलात तरी चालेल.

गोचीड सापडली तर चिमटीत धरून खालच्या मजल्यावरच्या कुंडीत टाका.

दिवाळीत सुतळी बॉम्ब त्याच्यासमोरच लावा. सवय होते म्हणे.

फिरवायला वॉचमनला पाठवा. पिशवी खिशात असू द्या, म्हणजे पिशवी आहे हे दिसतं. ती वापरायची नसते. लिफ्टबद्दल, जिन्याबद्दल आणि ‘चावत नाही हो तो’ या वाक्याबद्दल मी काही लिहीत नाही. ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी म्हटलंय ते हे वाचणार नाहीत.

आता मुख्य विषय. सुट्टी.

एक मेला लागून शनिवार-रविवार आला की तुम्ही महाबळेश्वरला जायचं. का, तर पुण्यात फार उकडतं. पारा चाळिशीला टेकलेला, रात्रीही भिंती गरम, माणसाने राहायचं कसं? कुत्र्याला मात्र न्यायचं नाही, कारण हॉटेलवाला घेत नाही आणि घाटात त्याला उलट्या होतात. बोर्डिंगला ठेवायचं नाही, कारण ते दिवसाचे पैसे घेतात. तर त्याला बाल्कनीत साखळीने बांधायचं, शेजारी स्टीलची एक हलकी वाटी पाण्याने भरून ठेवायची, हॉल घाण होऊ नये म्हणून बाल्कनीचं दार आतून लावून घ्यायचं आणि बॅगा उचलायच्या. कामाच्या मावशी सकाळ-संध्याकाळ येऊन बघतील असं ठरवायचं. मावशींच्या भाचीचं लग्न त्याच आठवड्यात आहे हे त्यांनी चारदा सांगितलेलं असतं. ते ऐकायचं नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर हे सगळं अगदी या क्रमाने घडलं. कुत्र्याचं नाव स्नोई. (नाव ठेवताना तरी बर्फाची आठवण होती म्हणायची!)

पहिल्या दिवशी दुपारी माझ्या कुरडयांवर वरून पाणी टपकलं. पाणी म्हणजे काय ते समजून घ्या. चीक शिजवण्यापासूनची मेहनत, सगळं वाळवण टाकून दिलं आणि तणतणत वर गेले. दाराला कुलूप. आतून आवाज. हस्की फारसं भुंकत नाही, लांब सूर काढतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, कुत्रं रडतंय, कोणाचं तरी काहीतरी व्हायचंय. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘प्लीज कंट्रोल युवर पेट्स.’ त्याच्याखाली कोणीतरी महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा टाकल्या. सेक्रेटरी म्हणाले, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कुलपाला हात लावता येत नाही, बायलॉज बघा. फायर ब्रिगेडला बोलवू का विचारलं, तर सोसायटीचं नाव पेपरात येईल म्हणे.

मालकांना फोन लावला. मागे गार वाऱ्याचा आवाज आणि ‘अजून एक स्ट्रॉबेरी क्रीम’. मला म्हणाले, “काकू, टफ ब्रीड आहे हो ती. ॲडजस्ट करेल.”

किल्ली? किल्ली त्यांच्यासोबत महाबळेश्वरला. थंड हवेच्या ठिकाणी.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना येतो तेवढाच. अंगातली उष्णता बाहेर टाकायची तर जीभ काढून धापा टाकायच्या, म्हणजे तोंडातलं, घशातलं पाणी उडतं आणि त्याबरोबर उष्णता जाते. त्यासाठी अंगात पाणी असावं लागतं. वाटी पहिल्या तासातच पायाने उलटली असणार. त्यात दुपारी दोननंतर त्या बाल्कनीत थेट ऊन, वर फायबरचा पत्रा, खाली लाद्या. स्वतःचा तळहात त्या लादीवर सात सेकंद टेकवून ठेवा. नाही टेकवता येत ना? तो तिथे उभा होता. बसताही येत नव्हतं म्हणून उभा होता. एक पाय उचलायचा, ठेवायचा, दुसरा उचलायचा. साखळी एवढी आखूड, की कोपऱ्यातल्या सावलीपर्यंत नाक पोचे, अंग पोचत नसे.

शेवटी बायलॉज न वाचलेला एक जण उपयोगी पडला. पलीकडच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहणारा इंजिनिअरिंगचा मुलगा. त्याने आपल्या बाल्कनीतून कुंड्यांची नळी लांबवली आणि त्या लाद्यांवर पाणी सोडलं. कुत्रं त्या पाण्यात पोट टेकून आडवं झालं आणि लादी चाटत राहिलं. आधी भांड्यात पाणी पडेल असं काहीतरी करू म्हणून तो काठीने वाटी सरळ करायला बघत होता. त्याला म्हटलं, राहू दे, अंगावरच सोड, पोटावर, मांड्यांमध्ये. बर्फ नको, साधं नळाचं पाणी.

मालकांचे कोणी चुलतभाऊ दुसरी किल्ली घेऊन आले तोवर अंधार पडला होता. कुत्र्याचं तापमान एरवी एकशे एक-दोन असतं. डॉक्टरांच्या थर्मामीटरने १०६ दाखवलं. सलाईन लागलं, रात्रभर लागलं. वाचला. हस्की खरंच टफ असतो.

मंडळी ठरल्याप्रमाणे रविवारी संध्याकाळीच परतली, बुकिंग नॉन-रिफंडेबल होतं. सोमवारी स्टेटस होतं: ‘अवर बेबी इज अ फायटर. प्रे फॉर स्नोई.’ खाली सत्तर-ऐंशी हृदयं. जिन्यात भेटले तेव्हा मला काय म्हणाले असतील? “डॉक्टरांनी बिल जरा जास्तच लावलं ना, काकू?”

आता तुम्हाला कायद्याची भीती घालायचीही सोय नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६०चा. आखूड साखळीने जनावर तासन्‌तास बांधून ठेवणं, पाणी न देणं, दोन्ही त्यात गुन्हे म्हणून लिहिलेले आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. त्या काळी पन्नास रुपये म्हणजे रक्कम होती. आज तेवढ्यात तुमची स्ट्रॉबेरी क्रीमची प्लेट येत नाही.

तेव्हा पुढची सूचना अशी की… नाही, पुढची सूचना नाही. इथपर्यंत लिहिताना मजा येईल असं वाटलं होतं, येत नाहीये.

अहो, तुम्हाला काही वाटतं की नाही? बाळ म्हणता त्याला. बाळाला कोणी उन्हात साखळीने बांधून फिरायला जातं? हॉलमध्ये तुमच्याकडे दत्ताची तसबीर आहे, मी बघितलीये, पायाशी चार कुत्री. गुरुवारी उदबत्ती लावता. रायगडावरच्या वाघ्याच्या समाधीवरून फेसबुकवर हिरिरीने भांडता. आणि घरातल्या कुत्र्याला पाणी नाही? माणसाने परक्याच्या दारातल्या कुत्र्यालासुद्धा उन्हाळ्यात पाणी ठेवावं, हे तुमच्या आजीला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. रील नव्हती तिच्याकडे.

उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत आणि रात्री नऊनंतर फिरवायचं. दुपारी पंख्याखाली, जमलं तर एसीत ठेवायचं, हॉल घाण झाला तर पुसायचा. पाणी दोन ठिकाणी ठेवायचं, मातीच्या जड भांड्यात, म्हणजे उलटत नाही. बाल्कनी ही कुत्रं ठेवायची जागाच नाही, तासाभरासाठीही नाही. गावाला जाताना त्याला घेऊन जा, नाहीतर पैसे मोजून नीट जागी ठेवा, नाहीतर जाऊ नका. यातलं काही जमत नसेल तर ज्याला जमतं त्याला देऊन टाका. टेकडीवर नेऊन सोडू नका. सोडलेली मी रोज सकाळी बघते, गळ्यात पट्टा तसाच असतो आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या मागे पळतात. आणि नवीन आणू नका. ऐकलंत का? हा कंटाळवाणा झाला म्हणून पुढच्या वर्षी सेंट बर्नार्ड आणू नका.

परवा वरच्या वहिनी आल्या होत्या, हातात चिक्कीचं पाकीट. जूनअखेर थायलंड ठरलंय म्हणे, बोर्डिंगवाले फार मागतात, तर काकू, तुम्ही बघाल का? तुमच्यावर त्याचा जीव आहे.

बघीन म्हटलं. घेऊन या त्याचं भांडं, पट्टा, लसीचं कार्ड असलं तर तेही. पण एक सांगून ठेवते. थायलंडहून आल्यावर तो परत मागायला माझ्या दारात यायचं नाही. बेल वाजवलीत तरी दार उघडणार नाही. बायलॉज बघा.