लाँग बेड म्हणजे लाँग बेड, कितीदा सांगू?

आठ फूट. माझ्या ट्रकचा बेड, म्हणजे मागचा हौदा, आठ फूट लांब आहे. ट्रकला ट्रेलर जोडायची हिच मागवताना हे मी दुकानदाराला फोनवर सांगितलं, ईमेलमध्ये लिहिलं, काउंटरवर उभं राहून दोन्ही हात पसरून दाखवलं. आणि आज गॅरेजमध्ये काय येऊन पडलंय? स्लायडर हिच, म्हणजे मागे सरकणारी. शॉर्ट बेडवाल्यांसाठी असते ती. बरं, ती तरी माझ्या ट्रकच्या बेडमधल्या भोकांत बसावी ना? तेही नाही. नऊ दिवस वाट बघितली ह्या धुडाची!

ह्यूस्टनला बसून ह्याला ट्रक कशाला हवा, असं म्हणाल, म्हणून मागचं थोडं सांगतो. आई-बाबा पुढच्या महिन्यात सांगलीहून सहा महिन्यांसाठी येतायत. मागच्या खेपेला मोटेलमध्ये तीन रात्री काढल्यावर आईने जाहीर केलं होतं, की जिथे आपला गॅस नाही तिथे ती मुक्काम करणार नाही. म्हणून सेकंड हँड फिफ्थ व्हील घेतलं. म्हणजे घरासारखा तो मोठा ट्रेलर, ज्याचं नाक ट्रकच्या हौद्यात येऊन बसतं. आणि तो ओढायला मुद्दाम, विचार करून, लाँग बेडचा एक-टनी (हे नुसतं वर्गाचं नाव) ट्रक घेतला. ट्रक २२ फूट लांब, गॅरेज २० फूट. उरलेले दोन फूट बाहेर राहतात आणि सोसायटीचं पत्र येतं. हे सगळं सोसलं ते एकाच कारणासाठी: लाँग बेडला स्लायडरची भानगड लागत नाही!

गणित पाचवीतल्या पोराला जमेल इतकं सोपं आहे. ट्रेलर रुंदीला जास्तीत जास्त साडेआठ फूट, म्हणजे १०२ इंच. ट्रक काटकोनात वळला की ट्रेलरची बाजू पिनपासून (नाकाखालचा खुंटा, जो हिच पकडते) निम्म्या रुंदीवर येते, ५१ इंचांवर. नाकाचे कोपरे हल्ली गोल तासलेलेच असतात. माझ्या ट्रकला मागच्या एक्सलच्या मध्यापासून केबिनपर्यंत ५६ इंच. हिच एक्सलच्या दोनेक इंच पुढे धरली तरी ५४ उरतात. मी स्वतः टेप लावलीय, पोरीने दुसरं टोक धरलं होतं. शॉर्ट बेडला हेच अंतर चाळीसच्या आसपास येतं, म्हणून वळताना ट्रेलर केबिनची मागची काच फोडतो, म्हणून तिथे हिच मागे सरकवायची सोय लागते. माझी काच शाबूत आहे रे बाबा! मला सरकवायचं काही नाही!

पण काउंटरवरच्या त्या गृहस्थाला 'लाँग' हा शब्द ऐकूच येत नसावा. "सर, स्लायडर घ्या, सेफ असतं." बरं. "सर, २५ हजार पौंडांची घ्या, सेफ असतं." अरे, माझा ट्रेलर सगळा भरला तरी साडेचौदा हजार पौंड, म्हणजे साडेसहा टन. अठराची हिच पुरून उरते. हिचवर २५ हजार छापलं म्हणून माझा ट्रक २५ हजार ओढायला लागतो का? पायजम्याची नाडी जाड घेतली म्हणून पोट सपाट होत नाही.

आणि त्याच्या मते ह्यात तोटा काय, फक्त पैसेच जास्त! तोटा वजनाचा आहे. ट्रकचं दार उघडलं की खांबावर एक पिवळा-पांढरा स्टिकर असतो: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर नको. माझ्या ट्रकच्या स्टिकरवर ३,८४० लिहिलंय. विकताना ह्या स्टिकरबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, सगळे ओढायच्या क्षमतेचे आकडे तोंडावर फेकतात. फिफ्थ व्हीलच्या वजनातला साधारण १५ ते २५ टक्के भाग पिनवाटे सरळ ट्रकच्या पाठीवर येतो. वीस टक्के धरा: २,९०० पौंड. आम्ही दोघं, पोरगी, आई, बाबा: ७२०. साधी, न सरकणारी हिच १७० पौंडांची. एकूण ३,७९०. उरले किती? पन्नास. त्यात आईचा कुकर, पोळपाट-लाटणं आणि तो दगडी खलबत्ता, जो ती सांगलीहून बॅगेत घालून आणणारच आहे. आणि आता ही स्लायडर. वजन २९०. म्हणजे खलबत्ता सोडाच, ट्रक निघायच्या आधीच ७० पौंड जास्त. आता कोणाला उतरवू? बाबांना?

ट्रेलरच्या माहितीपत्रकात पिनचं वजन २,१५० छापलंय, ते वाचून खूश झालो होतो. नंतर कळलं की तो रिकाम्या ट्रेलरचा आकडा. पाणी नाही, गॅस नाही, बॅटरी नाही, कपाटात एक चादर नाही. पाण्याचा एक गॅलनच आठ पौंडांच्या वर जातो. रिकाम्या घरात कोण राहतं?

घरी तर ह्या हिचने वेगळाच धिंगाणा घातलाय. बायको विचारते, "कुठली घेतोयस?" मी म्हणतो, "हिच." ती म्हणते, "हीच म्हणजे कुठली?" दोन आठवडे हेच चाललंय. बाबांना व्हिडिओ कॉलवर फिफ्थ व्हील सांगितलं तर म्हणाले, "पाचवं चाक? म्हंजी स्टेपनी की रं!" त्यांना समजावलं, घोडागाडीच्या पुढच्या आसावर वळण्यासाठी एक आडवं चाक असायचं, त्यावरून हे नाव. आता चाक-बिक काही राहिलेलं नाही, एक लोखंडी ताट आणि त्यात जबडा, तो ट्रेलरची दोन इंची पिन पकडतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आरं, हुकात पिन टाकायची आन् निघायचं. दोन-दोन ट्रॉल्या ऊस न्हेतोय की कारखान्याला." काय बोलणार? खरं तर बरोबरच आहे माणसाचं.

आता भोकांची गोष्ट. ह्यावर मी गप्प बसणार नाही. पूर्वी बेडला दोन लोखंडी रूळ बोल्टाने ठोकायचे आणि त्यावर हिच. ते रूळ सगळ्यांचे सारखे, कुठलीही हिच बसायची. मग कंपन्यांना शहाणपण सुचलं. कारखान्यातूनच बेडमध्ये चार भोकं देतात, प्लॅस्टिकची झाकणं लावून, मधोमध गूजनेकच्या (ट्रेलर जोडायची दुसरी तऱ्हा, पिनऐवजी गोळ्यावर) गोळ्यासाठी पाचवं. हिच उचलून ठेवायची, खटका फिरवायचा, झालं. छान आहे, नाही म्हणत नाही. ट्रिप संपली की बेड मोकळा. पण ही भोकं कंपन्यांनी वेगवेगळ्या मापाने मारलीत! फोर्डसाठी वेगळी हिच, रॅमसाठी वेगळी. असल्या ट्रेलरची पिन दोन इंचाची ठेवायचं जमलं ह्या लोकांना, चार भोकं एका अंतरावर मारायची मात्र नाहीत.

तरीही चूक माझी नाही. ट्रकचं मेक, मॉडेल, साल, सगळं फॉर्मवर लिहून दिलं होतं. खाली सही त्याचीच. आज खोकं फोडलं, शेजाऱ्याला हाक मारून दोघांनी कण्हत-कुथत ते धूड बेडवर चढवलं. पुढचे दोन पाय बसले. क्षणभर वाटलं, जमलं. मागचे दोन भोकाच्या काठावर टेकून उभे. गुडघे टेकून टॉर्च मारून बघितलं, इंचभर चुकतंय. इंचभर! शेजारी म्हणाला, "हातोडा?" मी नुसतं बघितलं त्याच्याकडे.

फोन केला. पहिला प्रश्न काय असेल? "सर, शॉर्ट बेड आहे का तुमचा?"

मग म्हणे अडॅप्टर घ्या. अडॅप्टर म्हणजे आणखी लोखंड, आणखी वजन, आणखी पैसे. नाहीतर मधल्या गूजनेकच्या गोळ्यावर बसणारं लांब दांड्याचं कपलर ट्रेलरलाच लावा, म्हणजे हिचच नको! हे सुचवताना त्याने एवढंच सांगितलं नाही, की त्या लांब दांड्यामुळे ट्रेलरच्या फ्रेमवर भलताच ताण येतो आणि काही फ्रेम बनवणारे अशाने वॉरंटी नाकारतात. ते मला आधीच माहीत होतं म्हणून वाचलो. ज्याला माहीत नाही त्याचं काय? आणि परत करायचं तर १५ टक्के कापणार. २,१०० डॉलरचे पंधरा टक्के, ३१५ डॉलर. त्याने चुकीचा माल पाठवला म्हणून मी भरायचे!

भांडलो. मोठ्याने. बायकोने आतून दार लावून घेतलं. शेवटी मॅनेजर फोनवर आला, म्हणाला, हिच घेऊन या, समोर बघू. घेऊन या म्हणे. २९० पौंड! उद्या शनिवार, शेजाऱ्याला सकाळी नऊला बोलावलंय, बदल्यात साबुदाण्याची खिचडी कबूल केलीय. फॉर्मची प्रत घेतलीय, दारावरच्या स्टिकरचा फोटो काढलाय. आणि टेप खिशात टाकलीय. ट्रक त्या दुकानाच्या दारातच आडवा लावणार आहे, बावीसच्या बावीस फूट, आणि टेपचं दुसरं टोक त्या गृहस्थाच्या हातात देणार आहे.